मेडिकलमधल्या सहायकाला फार्मासिस्टच्या देखरेखीखाली नेमकी किती कामं देता येतील?

इंडेंट_ताई

नमस्कार. नागपुरात धंतोलीतल्या ८० खाटांच्या हॉस्पिटलच्या मेडिकलचं कामवाटप नव्यानं लिहायचं आहे. नोंदणीकृत फार्मासिस्ट तीन (त्यातला एक रात्रपाळीला), सहायक चार. सहायकांपैकी दोघं बी.एस्सी., एकीनं कौशल्य विकासातला फार्मसी असिस्टंटचा कोर्स केलाय, एक बारावी पास पण काउंटरवर हात बसलेला.

सकाळी ९ ते १२ मध्ये वॉर्डांचे इंडेंट (औषध-सामानाची मागणीपत्रं) आणि ओपीडीच्या चिठ्ठ्या एकदमच येतात. तेवढ्या वेळात फार्मासिस्ट स्ट्रिपा कापतात, बिल मारतात, खोकी शोधतात. डोस तपासणं आणि रुग्णाशी दोन शब्द बोलणं, म्हणजे ज्यासाठी ते आहेत तेच, मागे पडतं. व्यवस्थापनाचा प्रस्ताव असा: औषध काढणं, कापणं, भरणं सगळं सहायकांकडे द्या, आणि अनुभवी सहायकाला शेवटची तपासणीही करू द्या, अमेरिकेत टेक्निशियन करतातच की.

पहिल्या भागाला माझी हरकत नाही, शेवटच्या तपासणीला आहे. पण नुसतं "नको" म्हणून भागणार नाही, कारणं लेखी द्यायची आहेत. कोणतं काम निर्धास्त देता येतं, कोणतं मुळीच नाही, आणि दिलेल्या कामात चुका नेमक्या कुठे होतात, हे सांगाल का? ज्यांनी असं कामवाटप बसवलं आहे त्यांनी शक्य तितकं बारकाईनं लिहावं.

कलम_बेचाळीस

ताई, आपल्याकडे "फार्मसी टेक्निशियन" असा नोंदणीकृत वर्गच नाही. कायद्याला दोनच प्रकारची माणसं दिसतात: नोंदणीकृत फार्मासिस्ट आणि बाकी सगळे. बी.एस्सी., असिस्टंटचा कोर्स, वीस वर्षांचा अनुभव, हे सगळं "बाकी सगळे" मध्येच. डी.फार्म (फार्मसीची पदविका) झालेला पण फार्मसी कौन्सिलकडे नाव न लागलेला मुलगासुद्धा तिथेच.

फार्मसी कायदा १९४८, कलम ४२: डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध बनवणं, तयार करणं, मिसळणं आणि देणं या चारही गोष्टी नोंदणीकृत फार्मासिस्टशिवाय कुणी करायच्या नाहीत. डॉक्टरनं स्वतःच्या रुग्णाला औषध देणं हा अपवाद आहे, पण लायसन्स घेतलेल्या मेडिकलनं त्याच्या आड लपू नये. मूळ कायद्यातली शिक्षा सहा महिने कैद किंवा हजार रुपये दंड किंवा दोन्ही अशी होती. २०२३ च्या जनविश्वास कायद्यानं दंडाची रक्कम लाखांत नेली, तेव्हा "हजार रुपये भरून टाकू" वाला हिशेब आता विसरा.

दुसरीकडे १९४५ च्या औषध नियमांतला नियम ६५ म्हणतो की चिठ्ठीवरचा पुरवठा फार्मासिस्टनं स्वतः किंवा त्याच्या व्यक्तिगत देखरेखीखाली व्हावा. तुमच्या सगळ्या प्रस्तावाला आधार आहे तो या "किंवा"चा. पण "व्यक्तिगत" हा शब्द त्याच वाक्यात आहे. चहाच्या टपरीवरून, फोनवरून किंवा कॅमेऱ्यातून पाहणं म्हणजे देखरेख होत नाही. फार्मासिस्ट जेवायला बाहेर गेला तर तेवढा वेळ चिठ्ठीवरचं औषध बाहेर जाणं थांबलं पाहिजे. सहायकांनी त्या वेळात माल लावावा, एक्स्पायरी पाहावी.

लेखी कामवाटपात तीन गोष्टी नाव घेऊन टाका. एक, ब्रँड बदलणं. शेड्यूल एच आणि एक्स (नियमांतल्या, चिठ्ठीशिवाय न द्यायच्या औषधांच्या याद्या) यांतल्या औषधाच्या चिठ्ठीवर लिहिलेल्याऐवजी दुसरं औषध देता येत नाही, घटक तेच असले तरी. सॉफ्टवेअर "स्टॉक शून्य, पर्याय उपलब्ध" असं दाखवतं आणि सहायक भाबडेपणानं त्यावर टिचकी मारतो. तो पर्याय सहायकांच्या लॉगिनला बंद करून घ्या. दोन, शेड्यूल एच१, अशीच आणखी एक यादी. २०१४ च्या मार्चपासून लागू, तेव्हा ४६ औषधं. सेफिक्झिम, मेरोपेनेम, लिव्होफ्लॉक्सासिन, ट्रामाडॉल, अल्प्राझोलाम, टीबीची औषधं यातच येतात. रजिस्टरमध्ये डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि संख्या पुरवठ्याच्या वेळीच लिहायची आणि रजिस्टर तीन वर्षं जपायचं. रकाने सहायकानं भरले तर चालेल, पण ओळीपुढे सही फार्मासिस्टची हवी, आणि ती त्याच वेळी. महिनाअखेरीला एकाच पेनानं मारलेल्या सह्या तपासणीला आलेला माणूस लांबून ओळखतो. तीन, शेड्यूल एक्स: दोन प्रतींतली चिठ्ठी, एक प्रत दोन वर्षं आपल्याकडे, माल फक्त त्यासाठीच्या कुलूपबंद कपाटात. किल्ली सहायकाकडे कधीच नाही. केटामाइन यातच येतं हे ओटीवाल्यांनाही सांगून ठेवा.

गोळीबार_चौक

कायदा वर आलाच. आता काम तोडायचं कसं ते पाहू.

एका चिठ्ठीचे पाच तुकडे होतात: वाचणं, काढणं, कापणं-भरणं, ताडून पाहणं, सांगणं. मधले दोन सहायकाचे, बाकी तीन फार्मासिस्टचे. यात घोटाळा पहिल्याच पायरीला होतो. बहुतेक ठिकाणी चिठ्ठी थेट सहायकाच्या हातात जाते आणि फार्मासिस्ट ती शेवटी, भरलेल्या ट्रेसोबत बघतो. तेव्हा तो चिठ्ठी वाचतच नसतो, ट्रेमध्ये जे आहे ते चिठ्ठीत शोधत असतो. ट्रेमध्ये कार्बिमाझोल दिसलं की वेड्यावाकड्या अक्षरातलं कार्बामाझेपिनसुद्धा डोळ्याला कार्बिमाझोलच दिसतं. अ‍ॅझॅथिओप्रिन-अ‍ॅझिथ्रोमायसिन, हायड्रॅलाझिन-हायड्रॉक्सिझिन, क्लोनिडिन-क्लोनाझेपाम या जोड्याही तशाच. म्हणून चिठ्ठी आधी फार्मासिस्टकडे, त्यानं वाचून, शंका असेल तर डॉक्टरला फोन करून, प्रत्येक ओळीपुढे टिक मारून कोपऱ्यात आद्याक्षरं टाकायची. आद्याक्षरं नसलेल्या चिठ्ठीवर सहायकानं एक गोळीसुद्धा काढायची नाही. हा एकच नियम पाळला तरी अर्धं काम झालं.

काढताना: एक रुग्ण, एक ट्रे, चिठ्ठी ट्रेमध्येच. औषधं चिठ्ठीच्या क्रमानं मांडायची. ज्या खोक्यातून स्ट्रिप काढली ते खोकंही तपासणी होईपर्यंत ट्रेसोबत ठेवायचं. खोकं लगेच परत लावलं तर चूक पकडायला हातात काही उरत नाही. काढणाऱ्यानं तेवढा वेळ फोन उचलायचा नाही, फोन बिलिंगवाल्यानं घ्यायचा.

कापताना: बॅच आणि एक्स्पायरी स्ट्रिपच्या ज्या टोकाला छापलेली असते त्याच्या विरुद्ध टोकाकडून कापायचं. उरलेला तुकडा नाव-बॅच-एक्स्पायरीसह आपल्याकडे राहतो. दिलेल्या तुकड्यावर मात्र काहीच नसतं, म्हणून तो छोट्या पाकिटात घालून वर नाव, मात्रा, बॅच, एक्स्पायरी लिहायची. गोळ्या फोडून सुट्या करायच्या नाहीत, आवरणातच ठेवायच्या. उरलेला तुकडा त्याच बॅचच्या खोक्यात जातोय ना, हे बघायचं. दोन बॅच एका खोक्यात मिसळल्या की उद्या एखादी बॅच परत मागवली गेली तर तुम्ही काय शोधणार? वॉर्डात जाणाऱ्या पाकिटावर खाट नंबर पुरत नाही, आयपी नंबर (भरती रुग्णाचा नोंदणी क्रमांक) हवाच. खाटा दुपारून बदलतात, पाकीट जुन्या खाटेवर जातं.

संख्या मोजणं सोपं वाटतं, पण चुका इथे ढीगभर. १-०-१, पाच दिवस, म्हणजे १० गोळ्या, हे कुणीही करेल. प्रेडनिसोलोन उतरत्या मात्रेत आलं, ४०, ३०, २०, १० मि.ग्रॅ., प्रत्येकी पाच दिवस, की पोट्टे गडबडतात. २० च्या गोळीनं हिशेब केला तर २५ गोळ्या लागतात, पण मध्ये दीड आणि अर्धी येते. १० च्या ५० गोळ्या दिल्या तर रोज ४, ३, २, १. रुग्णाला तेच सोपं. पण कोणती ताकद द्यायची हा हिशेबाचा भाग राहत नाही, तो निर्णय आहे, म्हणून अशी चिठ्ठी फार्मासिस्टनं स्वतः आकडे लिहूनच पुढे द्यावी.

ताडून पाहताना फार्मासिस्टनं आधी चिठ्ठीवरची ओळ वाचायची, मग ट्रे. उलट नाही. नाव, प्रकार (साधी की एसआर, म्हणजे औषध सावकाश सोडणारी), ताकद, संख्या, एक्स्पायरी, रुग्ण. थायरॉक्सिनच्या २५, ५०, ७५, १०० च्या बाटल्या शेजारी शेजारी ठेवल्या असतील तर त्या आजच वेगळ्या करा. बाहेरच्या देशांत सारख्या नावांतली वेगळी अक्षरं मोठ्या लिपीत छापतात. आपल्या लेबलांना, विशेषतः मराठीत लिहिलेल्यांना, ती सोय नाही. रंगीत चिकटपट्टी लावा, पण चारच्या वर रंग नकोत, नाहीतर होळी होते आणि कुणाचं लक्ष जात नाही.

सहायकानं अजिबात हात लावायचा नाही अशी माझी यादी: शेड्यूल एक्स आणि अमली औषधं, इन्सुलिन, हेपॅरिन, वॉरफरिन, मेथोट्रेक्सेट, पोटॅशियम क्लोराइडचे अँप्यूल. हेपॅरिनचं कारण: ५ मिलीच्या दोन बाटल्या, एकीत ५,००० युनिट, दुसरीत २५,०००. आकार तोच, फरक पाचपट. पोटॅशियमच्या १० मिलीत २० एमईक्यू (पोटॅशियम मोजायचं एकक) असतं, न मिसळता शिरेत गेलं तर हृदय थांबतं. ते वॉर्डाच्या साठ्यात ठेवायचंच नाही, रुग्णाच्या नावानं मागणी आली तरच. मेथोट्रेक्सेट सांध्यांसाठी आठवड्यातून एकदा असतं. पाकिटावर वाराचं नाव लिहिलेलं नसेल तर "रोज एक" समजून घेणारे असतात, आणि त्यात माणसं जातात.

दवाबाजारवाला

माल उतरवून घेणं हे काम सहायकाला पूर्ण देता येतं आणि द्यावंच, एवढी भर घालतो. बिल आणि माल जुळवणं: नाव, ताकद, बॅच, एक्स्पायरी, एमआरपी, संख्या. एक्स्पायरी तीन महिन्यांच्या आत आली की लाल ठिपका, आणि जे आधी संपणार ते पुढे. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एक-एक रॅक वाटून द्या. "१०/२०२७" म्हणजे ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवसापर्यंत, हेही सांगावं लागतं, नाहीतर पोट्टे १ तारखेलाच माल बाजूला काढतात.

खरी परीक्षा थंड मालाची. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. गांधीबागेतून धंतोलीपर्यंत दुपारी स्कूटरवर इन्सुलिन आलं तर डबा उघडून लगेच बघायचं: बर्फाची पिशवी वितळून कोमट झाली आहे का, आणि उलट, गोठलेली पिशवी थेट खोक्याला चिकटली आहे का. लोक पहिलीकडेच बघतात. पण गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावरही वापरता येत नाही आणि दिसायला कधी कधी अगदी ठीक दिसतं. पिशवी फ्रीझरमधून काढून बाहेरून पाणी सुटेपर्यंत थांबायचं, मग पुठ्ठा मध्ये घालून ठेवायची. फ्रिज २ ते ८ अंश, नोंद दिवसातून दोनदा, दारात आणि मागच्या भिंतीला लागून काही ठेवायचं नाही. वीज गेली तर फ्रिज उघडायचा नाही, वेळ लिहायची, फार्मासिस्टला बोलवायचं. माल ठेवायचा की टाकायचा हे सहायकानं ठरवायचं नाही.

साध्या गोळ्यांचंही विसरू नका. "३० अंशांखाली ठेवा" छापलेला माल कूलर लावलेल्या गोदामात मे महिन्यात ३० खाली राहतो का, हे भिंतीवर थर्मामीटर टांगल्याशिवाय कळत नाही.

ऑरेंज_सिटी_आरपीएच

अमेरिकेचा दाखला देणाऱ्यांनी तो पुरता वाचलेला नसतो. तिथे टेक्निशियननं टेक्निशियनचं काम तपासायची पद्धत काही राज्यांत आहे, पण कुठे? मुख्यतः हॉस्पिटलमध्ये एकेक मात्रेचे ट्रे आणि वॉर्डातली यांत्रिक कपाटं भरताना. ऑर्डर योग्य आहे की नाही हे फार्मासिस्टनं आधीच पाहिलेलं असतं. दुसरा टेक्निशियन फक्त "मागितलं तेच भरलं का" एवढं बघतो, बहुधा बारकोड मारून. टेक्निशियनसाठीची राष्ट्रीय प्रमाणन परीक्षा तिथे १९९५ पासून आहे. लस टोचायची मुभा आयडाहो राज्यानं २०१७ मध्ये सगळ्यांत आधी दिली. प्रत्येक राज्याचे नियम वेगळे, तेव्हा "अमेरिकेत चालतं" हे वाक्यच मुळात अर्धवट आहे.

ब्रिटनमध्ये टेक्निशियनला २०११ पासून नोंदणी सक्तीची आहे, फार्मासिस्टची असते तशी, त्याच संस्थेकडे. अचूकता तपासण्याचं काम त्यांतल्या वेगळं प्रशिक्षण घेतलेल्यांनाच मिळतं, त्यात शेकड्यांनी आयटम तपासून दाखवावे लागतात. २०२४ च्या जूनपासून ठरावीक लेखी सूचनांखाली काही औषधं स्वतः देण्याचीही परवानगी आली.

म्हणजे तिकडे दोन अटी आधी पुऱ्या होतात: योग्य-अयोग्य ठरवण्याचं काम फार्मासिस्टनं आधी केलेलं असतं, आणि तपासणाऱ्याची स्वतःची नोंदणी असते, चुकलं तर ती जाऊ शकते. आपल्या सहायकाची नोंदणीच नाही, त्यामुळे त्याच्या तपासणीची जबाबदारी शेवटी सही करणाऱ्या फार्मासिस्टवरच. ताई, व्यवस्थापनाला एवढंच विचारा की सहायकानं "ओके" केलेल्या ट्रेमधून चूक गेली तर कागदावर नाव कुणाचं असेल.

गोळीबार_चौक

वरच्याशी सहमत, पण "मग सहायकाची तपासणी जास्तीची म्हणून ठेवू" असा मधला मार्ग लोक काढतात, त्यातही एक मेख आहे. दोघांनी बघितलंय म्हटल्यावर तिसरा नीट बघत नाही. तीन सह्या होतात आणि तपासणी एकही होत नाही. सहायकाची दुसरी नजर ठेवायचीच तर रुग्णाच्या नावाशिवाय जाणाऱ्या वॉर्डसाठ्यालाच ठेवा. हातमोजे, सिरिंज, ड्रेसिंग यांचं इंडेंट दोन सहायकांनी पूर्ण उरकावं, फार्मासिस्टचा वेळ त्यात घालवू नका. सलाईन मात्र त्या ढिगात टाकू नका, ते औषधच आहे. १०० मिलीचं ०.९ टक्के आणि १०० मिलीचं ३ टक्के यांच्या बाटल्या सारख्या दिसतात. तीन टक्केवाल्या वेगळ्या कपाटात, वर लाल पट्टी.

इंडेंट_ताई

सगळ्यांचे आभार, बरंच हाती लागलं. दोन गोष्टी अजून. मुलांच्या सुक्या सिरपमध्ये पाणी सहायक घालतात, ते चालेल का? आणि इन्सुलिन सहायकाकडून पूर्ण काढून घेतलं तर ओपीडीला रांग लागेल, तेवढं धोक्याचं आहे का ते?

कलम_बेचाळीस

पाणी घालणं म्हणजे "मिसळणं". कलम ४२ मध्ये तो शब्द सरळ लिहिलाय, त्याला देखरेखीची पळवाट जोडू नका. फार्मासिस्टनं करावं.

गोळीबार_चौक

आणि कायदा बाजूला ठेवला तरी तिथे चूक होतेच. अ‍ॅमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनेटचं सिरप ५ मिलीत २२८.५ आणि ४५७ मि.ग्रॅ. अशा दोन ताकदींत येतं, म्हणजे बरोब्बर दुप्पट. आधी ते बघायचं. बाटली आपटून पावडर मोकळी करायची, उकळून गार केलेलं किंवा सोबत दिलेलं पाणी खुणेच्या जरा खाली घालायचं, जोरात हलवायचं, फेस बसू द्यायचा, मग खुणेपर्यंत भरून पुन्हा हलवायचं. घाईत लोक फेसाचा वरचा काठ खुणेला लावतात. पाणी कमी पडतं, औषध घट्ट होतं, पोराला प्रत्येक चमच्यात जास्त मात्रा जाते. लेबलावर तारीख, फ्रिजमध्ये ठेवायचं, सात दिवसांनी उरलेलं फेकायचं. "फ्रिज नाही" म्हणणाऱ्या आईला काय सांगायचं हेही फार्मासिस्टनंच बोलावं.

इन्सुलिनचं म्हणाल तर रांग परवडली. आपल्याकडे बाटली साधारण ४० युनिट प्रति मिलीची, पेनातलं काट्रिज १०० चं, आणि १०० च्या बाटल्याही मिळतात. सिरिंजही दोन: ४० ची लाल टोपीची, १०० ची केशरी. १०० चं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत ओढलं तर अर्धा मिली, म्हणजे ५० युनिट जातं, अडीचपट. उलट झालं, ४० चं इन्सुलिन केशरीत, तर २० च्या खुणेला ८ च युनिट. पहिल्यात साखर धाडकन खाली, दुसऱ्यात महिनाभर डॉक्टर डोस वाढवत राहतो आणि कुणाला कारण कळत नाही. म्हणून इन्सुलिन आणि सिरिंज कधीच वेगवेगळ्या माणसांनी द्यायची नाही. एकाच फार्मासिस्टनं दोन्ही हातात घेऊन, बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा रुग्णाला दाखवून द्यायचं. त्यासाठी वेगळी खिडकी करता आली तर उत्तम. सहायकानं त्या रुग्णाचं बिल आधी मारून ठेवलं की रांगही फार वाढत नाही.

ऑरेंज_सिटी_आरपीएच

शेवटी कामाची परवानगी माणसाला सरसकट देऊ नका, एकेका कामाला द्या. "माल उतरवणं: मंजूर. काढणं: मंजूर. कापणं: सराव चालू." नवीन सहायकानं काढलेला प्रत्येक ट्रे फार्मासिस्टनं तपासायचाच आहे, तर त्यातच चुकांची वही ठेवा: तारीख, काय मागितलं, काय निघालं, कुठल्या रॅकवरून. नाव लिहू नका, नाहीतर दुसऱ्याच दिवसापासून वही कोरी राहील. महिन्यानं वही उघडली की बहुतेक वेळा माणूस बदलावा लागत नाही, रॅक बदलावा लागतो.